मिठाला दरवर्षी पाणी सुटतं, वाळवलं तरी परत सुटतं: कारण आणि उपाय

मृगाचा पाऊस लागला की आमच्या भागात दोन तक्रारी ठरलेल्या असतात, एक लाइटची आणि दुसरी मिठाची. लाइटचं आपल्या हातात काही नाही. मिठाचं आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

तक्रार अशी असते. आंबोली घाट उतरून शिरोड्याकडनं, चोर्ल्यातनं गोव्याहून किंवा गोकर्णाजवळच्या सनीकट्ट्याहून कुणीतरी खडे मीठ आणलेलं असतं, नाहीतर बाजारातनं सुटं घेतलेलं असतं. उन्हाळाभर ते बरणीत वरवर खणखणीतच वाटतं. जून संपता संपता वरचे खडे ओलसर दिसायला लागतात, आषाढात बरणीच्या तळाला बोटभर पाणी साचतं आणि फडताळाच्या फळीवर पांढरे ओघळ उतरतात. मग एखादा दिवस उघडीप मिळाली की ते सुपात पसरायचं, वाळवायचं, परत भरायचं. आठवड्याभरात पुन्हा तेच. कणकुंबी, जांबोटी, खानापूर या पट्ट्यात हे सगळ्यात जास्त, बेळगाव शहरात त्याच्या खालोखाल, निपाणी-चिकोडीकडं कमी. अथणीच्या पाहुण्यांना सांगितलं तर मिठाला पाणी कसं काय सुटतं म्हणून तेच आपल्याला विचारतात.

गेल्या पावसाळ्यात गल्लीतल्या एक मावशी म्हणाल्या, "सर, तीनदा वाळवलं की हो. वाळतंय, परत घामतंय. मीठच खोटं दिलंय वाटतं दुकानदारानं." मीठ खोटं नव्हतं. ते समुद्राचंच होतं, आणि समुद्राचं होतं म्हणूनच घामत होतं. वाळवल्यावर मिठातलं पाणी जातं, पण हवेतलं पाणी ओढून घेणारा पदार्थ तिथंच राहतो. तो पदार्थ म्हणजे मॅग्नेशियम क्लोराइड. तो उन्हानं जात नाही. तो पाण्यात विरघळवून, पाण्याच्या रूपातच बाहेर काढावा लागतो. बाकी सगळं याच्याच तपशिलाचं आहे.

आधी तक्रार नेमकी कुठली ते बघा

मीठ ओलं झालं एवढ्यावर उपाय ठरवू नका. कोरड्या दिवसात, म्हणजे दिवाळीनंतर किंवा माघ-फाल्गुनात, भर दुपारी बरणी उघडा आणि चिमूटभर मीठ बोटांत चोळा. तेव्हाही ते चिकट, ओलसर लागलं तर मॅग्नेशियम आहे म्हणून समजा. तेव्हा कोरडं आणि फक्त आषाढ-श्रावणात ओलं होत असेल तर निम्मा दोष हवेचा आहे.

असं का, ते आकड्यांत सांगतो. शुद्ध सोडियम क्लोराइड, म्हणजे आपलं खरं मीठ, हवेतली सापेक्ष आर्द्रता (हवा जेवढी ओल धरू शकते त्याच्या किती टक्के ओल तिच्यात आहे ते) साधारण 75 टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय पाघळत नाही. मॅग्नेशियम क्लोराइडला 33 टक्केच पुरतात. म्हणजे 33 ते 75 या मधल्या टप्प्यात मीठ ओलं होत असेल, तर तिथं सोडियमचा काही संबंध नाही. आपल्याकडं थंडीतल्या दुपारीसुद्धा हवा 33 च्या वर असते बऱ्याचदा. त्यामुळं मॅग्नेशियमवालं मीठ वर्षभर थोडं ओलसर राहतं आणि पावसाळ्यात पार वाहायला लागतं. खानापूर भागात पावसाळ्याचे आठवडेच्या आठवडे हवा 75 च्या वर राहते. तिथं कितीही शुद्ध मीठ उघडं ठेवलं तरी पाघळणारच. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर सगळं करून झाल्यावर म्हणाल, मास्तरनं फसवलं.

पुड्यातल्या बारीक मिठाचा दगड होतो, ती तक्रार वेगळी. तिथं पाणी साचत नाही. रात्री हवा दमट झाली की कणांवर ओल्याचा पातळ थर येतो, दुपारी तो वाळतो आणि दोन कणांच्या मध्ये मिठाचाच सांधा तयार होतो. असं रोज होत गेलं की गठ्ठा. हे टाळायला कारखान्यात मिठात फार थोडं सोडियम फेरोसायनाइड किंवा सिलिका घालतात. नाव ऐकून दचकू नका. त्यातलं सायनाइड लोखंडाशी घट्ट बांधलेलं असतं आणि घालायचं प्रमाण कायद्यानं ठरवून दिलेलं आहे. गठ्ठा झालेलं मीठ फोडा, वापरा, झाकण घट्ट लावा. त्यापुढं काही करायची गरज नाही.

मॅग्नेशियम येतं कुठनं

हे समजायला मिठागरात काय होतं ते बघावं लागेल. 1930 च्या सत्याग्रहामुळं शिरोड्याचं नाव सगळ्यांना माहीत, पण तिथल्या वाफ्यांत पाणी आटताना काय घडतं तिकडं कुणाचं लक्ष जात नाही.

एक किलो समुद्राच्या पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. त्यात क्लोराइड 19 ग्रॅमच्या आसपास, सोडियम पावणेअकरा, सल्फेट 2.7, मॅग्नेशियम 1.3, कॅल्शियम आणि पोटॅशियम प्रत्येकी 0.4. ब्रोमाइड तर फक्त 0.067 ग्रॅम. पाणी आटायला लागलं की हे सगळे एकदम खाली बसत नाहीत. ज्याचा क्षार कमी विरघळणारा, तो आधी बसतो. इटालियन रसायनतज्ज्ञ उझिल्यो यानं 1849 मध्ये भूमध्य समुद्राचं पाणी टप्प्याटप्प्यानं आटवून हा क्रम मोजून ठेवला. मिठागरातले वाफे एकापुढं एक असतात आणि पाणी पुढं पुढं सोडत नेतात, ते याच क्रमासाठी.

पहिल्यांदा जातं कॅल्शियम कार्बोनेट, पाणी साधारण निम्म्यावर आलं की. हा आपला चुनखडीचाच प्रकार. पाणी चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर आलं की जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियमपेक्षा सल्फेट बरंच जास्त असतं, त्यामुळं जिप्सम बसता बसता कॅल्शियम बहुतेक संपतं आणि सल्फेट शिल्लक राहतं. स्ट्रॉन्शियम कॅल्शियमच्याच घराण्यातलं, ते त्याच्याच मागं मागं जातं. हे सगळं मिठाच्या वाफ्यात पाणी पोचायच्या आधी उरकलं तर मीठ स्वच्छ. घाईनं पाणी पुढं सोडलं तर जिप्सम मिठाबरोबर येतं. ग्लासभर पाण्यात मीठ विरघळवल्यावर तळाला बारीक पांढरी कचकच राहते ती बहुतेक हीच. करडा गाळ असेल तर ती वाफ्याची माती.

पाणी दहाव्या हिश्श्यावर आलं, बोमे मापानं (खाऱ्या पाण्याचा दाटपणा मोजायचं माप) 25 अंशाच्या आसपास, की मीठ धरायला लागतं. आधी पाण्याच्या पृष्ठभागावर पापुद्रा येतो, चौकोनी पोकळ पिरॅमिडसारखे कण तरंगतात, जड झाले की बुडतात आणि तळाला वाढत राहतात. इथून 29 अंशांपर्यंत मीठ काढून घ्यायचं, आणि उरलेलं पाणी सोडून द्यायचं, हा मिठागराचा नियम. कारण तोपर्यंत त्या पाण्यात मॅग्नेशियम क्लोराइड, मॅग्नेशियम सल्फेट, पोटॅशियम आणि ब्रोमाइड हेच दाटलेलं असतं. जिभेला लावलं तर जहर कडू. फ्रान्समधल्या मोंपेलियेच्या मिठागरातल्या असल्याच पाण्यातून 1826 मध्ये बालार या तरुणानं ब्रोमीन हे मूलद्रव्य शोधून काढलं. आजही आपल्याकडं गुजरातेत कच्छच्या रणाच्या बाजूला मीठ काढून उरलेल्या पाण्यातूनच ब्रोमीन काढतात.

आता खरा प्रश्न. मीठ बसताना मॅग्नेशियम पाण्यातच राहतं, तर आपल्या बरणीत येतं कसं?

मिठाच्या स्फटिकाच्या आत मॅग्नेशियम शिरू शकत नाही. सोडियमच्या जागेवर बसायला ते आकारानं लहान, आणि त्याचा विद्युतभार दुप्पट. शिवाय ते आपल्याभोवती पाण्याचे सहा रेणू धरून बसलेलं असतं, ते सोडायला तयार नसतं. पोटॅशियमचा भार बरोबर जुळतो, पण ते आकारानं मोठं पडतं. या सगळ्यांत ब्रोमाइड तेवढं क्लोराइडपेक्षा थोडंच मोठं, म्हणून ते अगदी किंचित प्रमाणात क्लोराइडच्या जागी बसून जातं. भूवैज्ञानिक जुन्या मिठाच्या थरात ब्रोमीन किती आहे ते मोजतात आणि तो थर बसला तेव्हा पाणी किती आटलं होतं याचा अंदाज बांधतात. उशिरा बसलेल्या मिठात ब्रोमीन जास्त.

मॅग्नेशियम येतं ते दोन वाटांनी. एक म्हणजे खड्याला बाहेरून चिकटलेलं कडू पाणी. फावड्यानं मीठ ओढून बांधावर ढीग घातला की त्यातलं बरंचसं निथळतं, पण सगळं नाही. दुसरी वाट जरा मजेची आहे. खडा घाईनं वाढताना त्याच्या पोटात पाण्याचे बारीक थेंब अडकून पडतात. एक मोठा खडा उजेडापुढं धरून बघा. कडा काचेसारख्या स्वच्छ आणि मधे दुधी पट्टे दिसतील. ते दूध म्हणजे अडकलेले हजारो थेंब. लेकराची दृष्ट काढून मीठ-मोहऱ्या चुलीत टाकल्या की मीठ तडतडतं ना, ते या थेंबांमुळं. उष्णतेनं आतलं पाणी फुगतं आणि खडा फोडून बाहेर पडतं. दृष्ट किती लागली होती ते मला सांगता येणार नाही, पण जास्त तडतडणाऱ्या खड्यात पाणी जास्त, एवढं नक्की.

म्हणजे एकाच मिठागरातलं मीठसुद्धा सारखं नसतं. 29 अंशांच्या पुढं लोभानं काढलेलं, किंवा जुनं कडू पाणी बाहेर न सोडता त्यातच नवं खारं पाणी घालत काढलेलं मीठ जास्त घामतं. याउलट एक पावसाळा गवताखाली शाकारून ठेवलेल्या ढिगातलं जुनं मीठ चांगलं. वर्षभरात त्यातलं कडू पाणी आपोआप गळून गेलेलं असतं. आमच्याकडच्या जुन्या बायका लोणच्याला जुनंच मीठ मागायच्या. घेताना दुकानदाराला एवढं विचारा: यंदाचं आहे की गेल्या वर्षीचं? त्याला माहीत नसेल तर मुठीत घट्ट दाबून बघा. तळहाताला ओल लागली आणि खडे एकमेकांना चिकटून राहिले तर यंदाचं.

खात्री करायची असेल तर चुन्याची निवळी

पान खाणाऱ्यांच्या घरी चुना असतोच, आणि निपाणीकडं तर तंबाखूच्या डबीशेजारी हमखास. खायचा चुना हरभऱ्याएवढा घ्या, ग्लासभर पाण्यात ढवळा आणि रात्रभर तसाच ठेवा. सकाळी वरची निवळ हळूच दुसऱ्या काचेच्या ग्लासात ओतून घ्या. ती पाण्यासारखी स्वच्छ हवी.

बरणीच्या तळाला साचलेलं पाणी चहाच्या चमच्यानं एक चमचा त्यात सोडा. मॅग्नेशियम असेल तर ताबडतोब पांढरे, विरजलेल्या दुधासारखे गोळे तयार होतात आणि सावकाश खाली बसतात. ते मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड. शेजारी दुसऱ्या ग्लासात तेवढीच निवळी घेऊन तिच्यात पुड्यातल्या मिठाचं दाट पाणी चमचाभर घाला. ते पाणी आधी निवळू द्या आणि वरचंच घ्या, कारण पुड्यातल्या मिठात गठ्ठा न होण्यासाठी घातलेली पूड असते. मीठ विरघळवायला पाणी बोअरचं नको, फिल्टरचं किंवा पावसाचं घ्या. बोअरच्या जड पाण्यात मुळातच कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं, निवळी त्यानंही गढूळ होते. दोन ग्लास शेजारी ठेवले की फरक शाळेतल्या पोरालाही कळतो. निवळी डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि झाल्यावर ओतून टाका.

काही जण साबणाचा फेस येतो का बघतात. पाण्याचा जडपणा ओळखायला ती परीक्षा ठीक आहे. इथं ती बाद. मिठाच्या दाट पाण्यात साबण तसाही फाटतो, मॅग्नेशियम असो वा नसो.

उपाय: मीठ मिठाच्याच पाण्यानं धुणे

ऐकायला विचित्र वाटतं, पण मीठ शुद्ध करणाऱ्या कारखान्यांत हेच करतात. साध्या पाण्यानं धुतलं तर लिटरमागं सुमारे 360 ग्रॅम मीठ विरघळून गटारात जाईल. पण पाणी आधीच मिठानं तुडुंब भरलेलं असेल तर त्यात आणखी मीठ विरघळायला जागा नसते. मॅग्नेशियम क्लोराइड मात्र त्यात विरघळतं. म्हणजे धुण्याचं पाणी नको तेवढं घेऊन जातं आणि हवं ते ठेवतं.

हे काम चैत्र-वैशाखात करायचं. पावसाळ्यात करू नका, वाळणार नाही.

पाच किलो खड्यांना दोन लिटर पाणी धरा. पाणी कोमट करून त्यात पुड्यातलं साधं मीठ ढवळत घालत राहा. पाऊण किलोच्या आसपास विरघळलं की पुढचं तळाला तसंच राहायला लागेल. थोडं तळाला शिल्लक दिसायलाच हवं, तीच भरल्याची खूण. गार होऊ द्या. खडे मोठे असतील तर आधी खलबत्त्यात किंवा पाट्यावर ज्वारीच्या दाण्याएवढे भरडून घ्या. खड्याच्या पोटात अडकलेल्या थेंबांपर्यंत धुण्याचं पाणी पोचत नाही, खडा फुटला तरच ते मोकळे होतात. नुसते वरून धुतलेले मोठे खडे पहिल्यापेक्षा बरे होतात, पण पुरते सुधारत नाहीत.

भरडलेलं मीठ बांबूच्या दुरडीत घ्या. दुरडी नसेल तर प्लास्टिकची मोठी चाळण चालेल. लोखंडी नको, अॅल्युमिनियमचीही नको. खाली पातेलं ठेवा. अर्धं पाणी सावकाश सगळीकडून ओता, हातानं वरखाली करा, पूर्ण निथळू द्या. मग उरलेलं अर्धं ओता. पहिल्या धुण्यातलं पाणी फेकायचं. दुसऱ्यातलं ठेवून द्या, पुढच्या पाच किलोच्या पहिल्या धुण्याला तेच वापरता येतं, तेवढंच नवं मीठ वाचतं. दोन्ही धुण्यांचं एकेक चमचा पाणी निवळीत टाकून बघा. पहिल्यात दाट गोळे आणि दुसऱ्यात नुसती धूसर झाक दिसली तर काम झालं. दुसऱ्यातही दाट आलं तर तिसऱ्यांदा धुवा.

रात्रभर निथळत ठेवा आणि मग कडक उन्हात पातळ पसरून वाळवा. जाड थर घातला तर वरचं वाळतं, खालचं नाही, आणि सगळ्याची वडी होते.

फेकायचं पाणी कुंडीत, परसातल्या भाजीत किंवा घराच्या पायाशी ओतू नका. नारळाच्या आळ्यात थोडं गेलं तर तो सोसतो, बाकीची झाडं जळतात.

ज्यांचं मीठ आत्ताच घामायला लागलंय आणि चैत्राची वाट बघायची नाही, त्यांनी मिठाला घामू द्यावं. विनोद नाही. बरणीतलं काढून दुरडीत भरा, दुरडी पातेल्यावर जरा तिरकी ठेवा, वर कापड टाका. गळणारं पहिलं पाणी सगळ्यात जास्त मॅग्नेशियमचं असतं, तेच तुम्हाला घालवायचं आहे. बरणीत असताना ते तळाला साचून राहतं आणि हवा कोरडी झाली की परत खड्यांवर सुकतं, म्हणून रोग जात नाही. दुरडीतलं गळून जातं. दर दोन दिवसांनी पातेलं रिकामं करा. यात थोडं खरं मीठही जातं, ते सोसायचं. आठ-दहा दिवसांत गळणं मंदावलं की घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून ठेवा आणि नवरात्रानंतरच्या उन्हात एकदा वाळवा.

बरणीबद्दल एक. चिनी मातीच्या बरणीला दादरा बांधून ठेवायची आपली पद्धत लोणच्याला छान आहे, मिठाला नाही. कापडातनं हवा जाते म्हणजे ओलही जाते. रबरी कडी असलेलं झाकण हवं. आत स्टीलचा चमचा ठेवून देऊ नका, त्याला ठिपके पडतात. लाकडी ठेवा.

लोक करतात ते इतर उपाय

तांदळाचे दाणे घालणं हा पुड्यातल्या मिठाच्या डबीपुरता बरा उपाय आहे. खडे मिठाच्या बरणीत तांदूळ मूठभर घाला की शेरभर, मॅग्नेशियम त्यांच्यापेक्षा भारी पडतं. शेवटी खारवलेला ओला तांदूळ तेवढा मिळतो.

कढईत भाजण्याबद्दल मात्र सरसकट नाही म्हणता येत नाही. चांगलं तापवलं की मॅग्नेशियम क्लोराइड आपलं पाणी सोडताना थोडं फुटतं, हायड्रोक्लोरिक आम्लाची नाकाला झोंबणारी वाफ निघते, आणि मागं जो भाग राहतो तो तितकासा पाणी ओढत नाही. म्हणजे खरपूस भाजलेलं मीठ काही दिवस खरंच कोरडं राहतं. पण ती वाफ छातीत घेण्यासारखी नाही, लोखंडी कढई गंजते आणि मिठाला तांबूस रंग येतो. धुणं सोपं असताना हे कशाला?

चुलीच्या वरच्या फळीवर मीठ ठेवायची जुनी सवय मात्र पक्क्या हिशेबाची होती. तिथली हवा गरम, म्हणून तिची सापेक्ष आर्द्रता कमी. गॅस आला, फळी गेली.

लोणचं, चिंच आणि वजनाचा घोळ

कैरीच्या लोणच्याला बुरशी आली की आपण तेल कमी पडलं म्हणतो. कधी कधी कमी पडलेलं असतं मीठ. ओलं मीठ तराजूत घातलं की त्यातलं पाणीही मिठाच्या भावात मोजलं जातं. किलोला पाव किलोचं माप नेहमीचं, पण त्यातलं पाणी वजा करता खरं मीठ कमीच पडतं, आणि वर फोडींना पाणी सुटतं ते वेगळं. घामणारं मीठ लोणच्यात घालायचंच असेल तर आधी वाळवून मग वजन करा. चिंच भरून ठेवतानाही तेच. ओल्या मिठातली चिंच पावसाळ्यात काळी, चिकट होते आणि गाडग्याबाहेर पाझरते, दोष चिंचेला लावतात.

चवीचंही आहे. उसळीत, आमटीत एवढं थोडं मॅग्नेशियम कळत नाही. ताकात घातलेल्या मिठाचा शेवटी जिभेच्या मुळाशी कडवटपणा राहिला तर तो त्याचा. जिप्समला तशी चव नसते, ते दाताखाली कचकचतं फक्त.

हे पुड्यातल्या मिठाला करू नका

आयोडीनयुक्त मीठ धुवायचं नाही, निथळत ठेवायचं नाही. आपल्याकडं मिठात आयोडीन घालतात ते पोटॅशियम आयोडेटच्या रूपात, आणि ते कणांच्या बाहेरच्या बाजूला असतं. मीठ ओलं झालं की ते त्या ओलीत उतरतं आणि पाण्याबरोबर खाली जातं. दुकानात पोचलेल्या मिठात आयोडीन दहा लाखांत किमान 15 भाग असायला हवं. ओल्या बरणीत वरच्या मिठात तेवढं राहीलच असं नाही. म्हणून रोजच्या जेवणाला पुड्यातलं मीठ, तेही छोटे पुडे, फोडला की घट्ट डब्यात. खडे मीठ लोणचं, चिंच, सांडगी मिरची, जनावरांसाठी. घरी धुतलेल्या मिठात आयोडीन नसतं, त्यावर रोजचा स्वयंपाक करू नका.

उपवासाच्या सैंधवाला पाणी का सुटत नाही, असंही विचारतात. ते खाणीतलं. पाकिस्तानातल्या पंजाबातल्या मिठाच्या डोंगररांगेतले थर 50 कोटी वर्षांहून जुने. तिथं मीठ बसून वर मातीचे थर चढले आणि दाबाखाली कडू पाणी केव्हाच पिळून निघालं. चांगल्या सैंधवाच्या खड्यात मॅग्नेशियम फार कमी असतं. आयोडीनही नसल्यासारखंच, हे उपवास करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

आणि सगळ्या खाऱ्या पाण्याचा शेवट मॅग्नेशियमवरच होतो असंही नाही. बुलढाण्याच्या लोणार सरोवराचं पाणी सोड्याचं आहे. त्यात कार्बोनेट इतकं, की कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही सुरुवातीलाच त्याच्याबरोबर खाली बसतात. शेवटी राहतो सोडा आणि मीठ. सुरुवातीच्या पाण्यात कोण कुणापेक्षा जास्त आहे, यावर शेवटी कोण उरणार ते ठरतं.

दुकानदारांसाठी, आणि ज्यांच्या भिंतीला लोणा लागलाय त्यांच्यासाठी

पोती थेट जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका. विटांवर लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर, खाली प्लास्टिकची पन्हळ करून टोकाला बादली. लोखंडी मांडणीवर मीठ ठेवलं तर मांडणी तीन-चार पावसाळ्यांची.

खानापूरकडच्या जांभ्याच्या भिंतीत हे पाणी मुरलं की वर चढतं. उन्हाळ्यात वाळतं तेव्हा गिलाव्याच्या आत मिठाचे स्फटिक वाढतात आणि गिलावा पोपडे धरून सुटतो. पावसाळ्यात त्याच जागी ओलीचा नकाशा उमटतो, कारण मॅग्नेशियम क्लोराइड भिंतीतही पाणी ओढतच असतं. लोक वर चुना मारतात. चुन्यानं मॅग्नेशियम खाली बसतं हे खरं, निवळीच्या ग्लासात तेच बघितलं. पण त्या बदल्यात तयार होतं कॅल्शियम क्लोराइड, आणि ते मॅग्नेशियम क्लोराइडइतकंच, किंबहुना जरा जास्तच पाणी ओढतं. म्हणून चुना मारलेली भिंत पुढच्या आषाढात पुन्हा ओली.

इथंही मीठ बाहेर काढणं हाच उपाय. सुटलेला गिलावा खरवडा. वर्तमानपत्राचा लगदा किंवा मुलतानी माती साध्या पाण्यात कालवून बोटभर जाड थापा आणि पूर्ण वाळू द्या. वाळताना भिंतीतलं खारं पाणी त्या थराकडं ओढलं जातं आणि मीठ थरात येऊन बसतं. वाळलेला थर काढून लांब फेका, अंगणात नको. मार्चपासून मेपर्यंत असं तीन-चारदा करा. काढलेल्या थराचा तुकडा दरवेळी थोड्या पाण्यात भिजवून जिभेला लावून बघा, खारटपणा जाईपर्यंत नवा गिलावा करू नका. आणि त्याच्याही आधी पोतं तिथनं हलवा.